पुढच्या चाकाचा नट

वरची वाडी, मढ
९ नोव्हेंबर १९९९

चि. जयवंत यास,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. भात झोडून झालं. अंगणवाडीत सध्या सोळा मुलं येतात. माझी तब्येत ठीक. प्रतीक्षाच्या हाताचं प्लास्टर निघालं का?

दोन महिन्यांत तुझं पत्र नाही, मीही लिहिलं नाही. आज लिहिते ते एका कामासाठी. तू कारखान्यात फिटर, पाने-हत्यारं तुझ्या रोजच्या हाताखालची, म्हणून तुलाच विचारते. सायकल घरच्या घरी नीट ठेवायची तर काय काय लागतं? आणि त्यातलं स्वस्तातलं कुठलं चालतं, कुठलं चालत नाही?

माझ्याकडे एक पक्कड आणि एक स्क्रू पाना आहे, तोही ढिला. शनिवारी नारायणगावला हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं चोवीस नगांची पेटी काढली. चकचकीत, आणि माझ्या मानधनात बसेल अशी. "बाई, घरात कोण करतं सायकलीचं काम?" म्हणाला. म्हटलं, मीच करते. तो हसला आणि पेटी पुन्हा कपाटात ठेवली. मलाही तिचा भरवसा वाटला नव्हता. एक पाना हातात घेतला तर पत्र्यासारखा हलका.

दुसरं स्टँडचं. मी सायकल उलटी करून, सीट नि हँडल जमिनीला टेकवून काम करते. ती डुगडुगते. एक हात तिला धरण्यातच जातो, नाहीतर कुणाला तरी धर म्हणावं लागतं. आता घरात धर म्हणायला कुणी नाही. शहरात दुकानांत लोखंडी स्टँड असतो, तो माझ्यासारखीला परवडेल का?

एवढं का मनावर घेतलं म्हणशील. वाडीतल्या पाच मुली सायकलनं हायस्कूलला जायच्या, माझ्याकडे राहून शिकणारी तुझी प्रतीक्षा धरून. ती पडली तसं रखमाजीनं आणि सोमाजीनं आपापल्या पोरींना घरी बसवलं. दर रविवारी सगळ्या सायकली मी तपासून देईन म्हटलं, तर कदाचित पाठवतील.

त्या दिवशी उतार ओला होता. सगळे तेच म्हणतात. मीही तेच म्हणते. प्रतीक्षाला त्याबद्दल पुन्हा काही विचारू नकोस. लहान आहे ती.

तिचा दाखला इथून नेलास, तो तुमच्या भोसरीत कुठल्या शाळेत दिलास ते लिही.

तुझी,
आक्का


वरची वाडी, मढ
२८ नोव्हेंबर १९९९

चि. जयवंत,
जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तर लिहायला पाच दिवस लागले. तीन कागद फाडले, हा चौथा.

यादी नीट समजली. पेटी घ्यायची नाही, मोजकेच पण चांगल्या लोखंडाचे पाने घ्यायचे. सगळ्यात आधी चाकाच्या नटाला सगळ्या बाजूंनी धरणारा रिंग पाना. टायर काढायला चमचा नाही, त्याच्या पट्ट्या मिळतात. गोडंतेल नाही, मशीनचं तेल. स्टँड विकत घ्यायची गरज नाही, अंगणात खांब रोवून त्याला आडवा हात काढला की भागतं. मधे तू एक ओळ लिहिलीस, 'पक्कड नटाला कधी लावू नये, कडा झिजून गोल होतात, मग नट घट्ट लागला असं वाटतं पण तो बसलेला नसतो.' तू सहज लिहून गेलास. मी तिथून पुढे वाचूच शकले नाही, दुसऱ्या दिवशी वाचलं.

आणि पुढे तू शाळेबद्दल लिहिलंस. दाखला ट्रंकेत पडून आहे. 'उतारावर हात सोडून सायकल चालवणाऱ्या पोरीला शिकवून काय करू? पुढच्या महिन्यात पॅकिंगच्या कामाला लावतो.'

जयवंता, तिनं हात सोडले नव्हते.

आदल्या दिवशी तिचं पुढचं चाक पंक्चर झालं होतं. सकाळी मी ते काढलं, पंक्चर काढून परत बसवलं. सायकल उलटी, प्रतीक्षा धरून उभी. उजव्या बाजूचा नट आधीच माझ्या पक्कडीनं गोल केलेला. तीनदा पक्कड सटकली, बोटं सोलली. कुंपणाशी चिमाबाई आणि आणखी दोघी उभ्या होत्या. चिमाबाई म्हणाली, "बघा गं, पुरुषाला न्हाई जमायचं असं करती आमची बाई." मला ते गोड लागलं. खरंच लागलं. सायकल सरळ केली तर प्रतीक्षानं चाक हलवून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, अजून हलतंय गं."

त्या बायकांपुढे मला जमलं नाही असं म्हणायचं नव्हतं. त्या दिवशी सुपरवायझर बाई तपासणीला येणार, त्याचीही घाई. मी म्हणाले, "काय होत नाही. बस, शाळेला उशीर होतोय."

ती गेली. चाक हलतंय हे तिच्या हाताला लागत होतं, तरी माझ्या शब्दावर गेली.

तिची किंकाळी ऐकून मी धावले, पोचले तेव्हा ती उतारावर कडेला बसली होती. हात वाकडा झालेला, तोंडात रक्त. चाक तिरपं होऊन निम्मं बाहेर आलेलं. नट दहा पावलांवर गवतात सापडला. तिनं तो माझ्या हातात बघितला. लोक यायच्या आत मला म्हणाली, "आत्या, मी सांगते मीच हात सोडले व्हते. पप्पांना कळलं तर ते तुझ्याशी बोलायचं सोडतील."

मी नको म्हणायला हवं होतं. दवाखान्यात तू तिला सगळ्यांसमोर ओरडत होतास, ती मान खाली घालून 'व्हय, मीच' म्हणत होती, आणि मी तुझ्या शेजारी उभी होते. नट तेव्हाही माझ्या मुठीत होता. मूठ उघडली असती तर तिथंच संपलं असतं. चौदा वर्षांची पोर माझ्यासाठी शिव्या खात होती आणि मी तुझ्यासाठी चहा आणायला गेले.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, माफ करायचा हक्क तिचा आहे. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. तिला कामाला लावू नकोस. दाखला ट्रंकेतून काढ.

विमल


वरची वाडी, मढ
१५ डिसेंबर १९९९

प्रिय प्रतीक्षा,

हे पत्र तुझ्या नावानं आहे, ते तूच फोडावंस असं मी पप्पांना सांगितलंय.

पप्पा रविवारी इथं येऊन गेले. मढच्या स्टॉपवर उतरून चढ चालत आले. पाणी दिलं, घेतलं नाही. "सायकल कुठंय?" एवढंच. गोठ्यातून काढून दिली. त्यांनी पिशवीतून पाना काढला, मला चाक काढायला लावलं, बसवायला लावलं, पुन्हा काढायला लावलं. मग जुना नट मागितला. उजेडात धरून बराच वेळ फिरवून बघितला. त्याच्या कडा बघून त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"तिनं तुला सांगितलं व्हतं? हलतंय म्हणून?"

"हो."

"आन तू बस म्हणालीस."

"हो."

मला वाटलं आता हात उगारतील. मी हललेही नाही. ते जोत्यावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "आक्का, मी तिला मारलं. प्लास्टर असताना मारलं. खरं सांग, हात का सोडलेस, म्हणून. ती कारणच सांगंना आन मी मारतच राहिलो."

मग ते रडले. तुझे आजोबा गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

हे त्यांनी तुला सांगितलं नसेल. त्यांना ते जमणारही नाही कदाचित. म्हणून मी सांगते. तू गप्प राहून मला वाचवलंस आणि त्याची किंमत तुझ्या अंगावर आली. हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला मी आलेही नव्हते.

दुपारी ते उठले. पहार मागितली, अंगणात खड्डा खणला, खैराचा वासा रोवला. त्याला खांद्याच्या उंचीवर आडवा हात ठोकला, वर दोन आकडे, आकड्यांना जुन्या ट्यूबची गुंडाळी, म्हणजे सायकलचा रंग जाऊ नये. सायकल वर अडकवून चाक फिरवलं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो. जाताना म्हणाले, "तिचा दाखला उद्या शाळेत देतो." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. परत येईन असंही म्हणाले नाहीत.

काल मी रखमाजीच्या आणि सोमाजीच्या घरी गेले. दारात उभी राहून सांगितलं की प्रतीक्षानं हात सोडले नव्हते, चाक मी नीट बसवलं नव्हतं, आणि तिनं सांगूनही मी तिला पाठवलं. रखमाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी सायकल घेऊन येतो. पर मी सोता उभा ऱ्हाणार." सोमाजीच्या बायकोनं दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "तुमच्या हातची सायकल आमाला नको. पोरीच्या आड लपणारी बाई." ते खोटं नाही. आज अंगणवाडीत अकराच मुलं आली.

तू हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. गावात आता तुझ्या नावानं कुणी काही बोलत नाही. बोलायचं ते मला बोलतात, आणि ते बरोबर आहे.

पुन्हा माझ्यासाठी, किंवा कुणासाठीच, खोटं बोलू नकोस. तुझ्या पप्पांसाठीही नाही.

हाताला जोर आला की दोन ओळी लिही. रागाच्या लिही. मला त्याच वाचायच्या आहेत.

तुझी गुन्हेगार,
आत्या