बादली वगळून

मी, ओतिलिया पर्वुलेस्कू, वय सेहेचाळीस, अविवाहित, राहणार वालेया रेचे, डॅन्यूबकाठच्या ओर्शोवाच्या वरच्या अंगाला, हे मृत्युपत्र आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदाच्या सुरुवातीला शरीर आणि मन दोन्ही ठणठणीत असल्याचे लिहितात. शरीराबद्दल तसे लिहिले तर ते खोटे होईल. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही आणि ती बदलण्यासाठी येत्या मंगळवारी तिमिश्वाराच्या इस्पितळात माझी शस्त्रक्रिया आहे. मन ठिकाणावर आहे. निदान मी काय लिहिते आहे ते मला समजते. कोणी दबाव आणलेला नाही. तिबेरियूने फोनवर पुन्हा पुन्हा विनवले आहे, पण ते मृत्युपत्राबद्दल नव्हे, मंगळवाराबद्दल. ते पुढे येईल.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. रोजनिशी मात्र कॉलेजपासून लिहीत आले, त्यामुळे एका वाक्याचे तीन करण्याची खोड आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. या घरातला माझा अर्धा हिस्सा, मागची प्लमची बाग आणि दारू गाळायची तांब्याची भट्टी माझी थोरली बहीण दोम्निका हिला मिळावी. दुसरा अर्धा हिस्सा तिचाच आहे. ती ओढ्यापलीकडे सासरी राहते, तेव्हा घर विकले तरी माझी हरकत नाही. भट्टी विकू नये असे मला वाटते, पण वाटणे वेगळे आणि अट घालणे वेगळे. अट घालत नाही. पाच वर्षे आम्ही बहिणी कामापुरते बोलतो: छप्पर गळते का, कुंपण कोण बघणार. हा हिस्सा त्या अबोल्याची भरपाई नव्हे. तसा अर्थ कोणी काढू नये म्हणून हे वाक्य लिहिले, आणि लिहिल्यावर शंका आली की तसाच तो आहे की काय.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे अंत्यविधी करावेत. उरेल ते तिबेरियू माकोवेई याला द्यावे. तो द्रोबेताला शाळेत गणित शिकवतो आणि अठरा वर्षे माझ्याबरोबर प्रयोग करत आला. लोकांना वाटे तसे आमच्यात काही नव्हते. असते तर हे कलम लिहिणे सोपे गेले असते.

कलम ३. साधने. आम्ही जे करत होतो त्याला नीट नाव कधीच मिळाले नाही. नाटक म्हणावे तर संहिता नव्हती, नाच म्हणावा तर मला नाचता येत नाही. तिबेरियू त्या गावाच्या, त्या घटकेच्या आकाशाची कुंडली मांडे आणि खडूने जमिनीवर मोठी काढे, बारा घरांची. प्रेक्षक वाटेल त्या घरात उभे राहत. मग मी मक्याचे एक्केचाळीस दाणे टाकून ढीग करी, आमच्या आज्या भविष्य बघताना करत तसे: डोक्याचे, हृदयाचे, पायांचे. कोणत्या घराकडे जायचे ते दाणे ठरवत. तिथे जो माणूस असेल, त्याच्याजवळ जे असेल, त्यातून पुढचे सुचायचे. लग्नाचा विधी, बकरीचा मुखवटा, नवजाताला पहिल्यांदा न्हाऊ घालणे, जे आठवेल ते. एकच नियम होता. जे पडले ते टाळायचे नाही.

ग्रहस्थितीची सगळी पुस्तके तिबेरियूला. मुखवटे ज्या शाळेला हवे असतील तिला. दाणे दोम्निकाच्या कोंबड्यांना. हा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा कोणी करू नये. तो जसाच्या तसा आम्हीही कधी केला नाही.

मंगळवाराबद्दल. काल तिबेरियू म्हणाला, "मंगळ कर्केत आहे, नीचेचा. त्यात दिवस मंगळवार. दुसरी तारीख माग, ओतिलिया."

"दुसरी नाताळानंतरची आहे."

"मग नाताळानंतर."

"तोवर झडप टिकेल का, ते बघून सांग तुझ्या पुस्तकात."

पलीकडून पाने उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ते त्यात नसतं."

प्रत्येक मुलाखतीत मी सांगितले आहे की आम्ही ग्रहांवर विश्वास ठेवत नाही, त्यांच्याकडून फक्त सुरुवात उसनी घेतो. गेल्या आठवड्यात मात्र मी इस्पितळात फोन करून विचारले, मंगळवारऐवजी बुधवार जमेल का. नर्सने कारण विचारले तेव्हा गाडीची अडचण सांगितली. ज्या गोष्टीवर मी पोट भरले ती मला खरी वाटते की नाही, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी सांगता येत नाही. शस्त्रक्रिया मंगळवारीच होईल.

कलम ४. लाकडी बादली. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

आमच्याकडे माणूस गेले की एक बाई त्याच्या नावाने पाणी वाहते. रोज सकाळी झऱ्यावरून बादली भरून शेजारच्या घरी नेऊन द्यायची, सहा आठवडे. नाहीतर गेलेले माणूस तिकडे तहानलेले राहते. शेवटच्या दिवशी ओढ्याकाठी तिला विचारतात, पाणी वाहिलेस का? ती म्हणते, वाहिले. साक्षी कोण? सूर्य साक्षी, चंद्र साक्षी. मग भोपळ्याच्या अर्ध्या कवटीत मेणबत्ती लावून प्रवाहात सोडतात आणि पाणी मोकळे होते.

सात वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिचे पाणी दोम्निकाने वाहिले. मी मागून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन चालले. पुढे एका प्रयोगासाठी मी ती बादली नेली आणि ती आमच्या सामानातच राहिली.

पाच वर्षांपूर्वी द्रोबेताला, डॅन्यूबकाठच्या एका रिकाम्या गोदामात आमचा प्रयोग होता. दोम्निका आयुष्यात पहिल्यांदाच माझे काम बघायला आली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून गोदामात होती त्या एकुलत्या एका खुर्चीवर ती बसली. ती खुर्ची आठव्या घरात होती. आठवे घर मृत्यूचे. मी दाणे टाकले. आठवे घर आले. नियम होता, टाळायचे नाही. मी बादली उचलली, तिच्यासमोर जाऊन गुडघे टेकले आणि म्हटले, "माझं पाणी कोण वाहील?"

दोम्निका माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, पर्स घेतली आणि शंभर लोकांमधून चालत बाहेर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रयोगाचाच भाग वाटला. क्रायोवाच्या एका समीक्षकाने तर लिहिले की निघून जाण्याचा प्रसंग फार उत्तम बसवला होता. त्या समीक्षकासाठी मी खडूचे उरलेले तुकडे ठेवते.

लाकडी बादली दोम्निकाला मिळावी.

कलम ५. अंत्यविधी. पाद्री बोलवावा. कोलिवा, म्हणजे मयताचा गव्हाचा गोड प्रसाद, करावा, साखर बेताने आणि अक्रोड जास्त. पाणी कोणी वाहू नये. यात कोणाबद्दल कडवटपणा नाही. जिला विचारले तिचे उत्तर मिळालेले आहे आणि दुसऱ्या कोणावर हा भार टाकण्याचा मला अधिकार नाही. तहान लागते यावर माझा विश्वास आहे का, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारते आहे. नसावा. मग हे कलम आधी तीनदा कच्चे का लिहून पाहिले, ते कळत नाही.

पुरवणी. तोच दिवस, तिसरा प्रहर.

वरचे लिहून झाले आणि सही करणार तोच तिबेरियू आला. उद्या तो मला तिमिश्वाराला नेणार आहे. त्याच्या पाठोपाठ दोम्निका आली, हातात कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे पातेले. उद्या संत पारस्किवाचा सण, ती कामाला हात लावत नाही, म्हणून रांधायचे ते आजच. पातेले ठेवायला जागा हवी म्हणून तिने कागद उचलले आणि चष्मा लावून उभ्यानेच वाचायला लागली. मी अडवले नाही. अडवायला हवे होते का, माहीत नाही.

"कुंपण मी दुरुस्त केलं, ते नाही लिहिलंस," ती म्हणाली.

"लिहिते, ताई."

"राहू दे. कोंबड्यांना एक्केचाळीस दाणे. चंगळ आहे कोंबड्यांची." तिने पान उलटले. बराच वेळ वाचत होती. "हे काय? बादली दोम्निकाला मिळावी?"

"तुला नको असेल तर..."

"माझीच बादली मला देतेस? जी पाणी वाहते, भांडं तिचं होतं. दोन दिवसांत आणून देते म्हणालीस. ती आता मेल्यावर परत करणार होतीस होय?"

तिबेरियूला हसू आले.

"तुम्ही हसू नका, पंचांगवाले. तुम्हीच ठेवली होती ना ती खुर्ची तिथे?"

"खुर्ची आधीपासून तिथेच होती, दोम्निकाताई. मी तिच्या भोवतीने खडू ओढला."

"मग ओढायचा होता जरा सरकवून."

तिने शेवटचे कलम पुन्हा वाचले, या वेळी ओठ हलवत. मग कागद खाली ठेवले.

"उत्तर मिळालेलं आहे म्हणजे काय? मी काय उत्तर दिलं?"

"उठून गेलीस."

"उठून गेले. नाही कधी म्हणाले?"

पाच वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, आणि मी तर स्वतःला सगळेच विचारते.

"तिथे हो म्हटलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या," ती म्हणाली.

"गेलात तरी वाजवल्याच," तिबेरियू म्हणाला.

"ऐकल्या ना मी. पार रस्त्यापर्यंत येत होत्या ऐकू." ती खुर्ची ओढून बसली, गुडघा चोळत. "हो म्हटलं असतं तर ते तुमच्या खेळातलं झालं असतं, ओती. माझं राहिलं नसतं. दुसऱ्या गावात तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस, तीही हो म्हणाली असती. आणि जिचं पाणी वाहायचं, तिने ते विचारायचंच नसतं. गेलेलं माणूस विचारतं का? घरात जी असते ती सकाळी उठते आणि निघते."

मी म्हटले, "म्हणजे तू..."

"म्हणजे काही नाही. पिंपात प्लम आंबलंय, भट्टीला दोन माणसं लागतात. तू मंगळवारी जा आणि ये. नवरा झोपतो भट्टीपाशी, त्याच्या भरवशावर नाही सोडायची मी."

मग ती माजघरात गेली आणि आमच्या सामानातून बादली काढून आणली. नळाखाली धरून बघितली. फळ्या सुकून आक्रसल्या होत्या, सगळीकडून पाणी गळत होते.

"वाळवून टाकलीत. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावी लागेल, मग धरेल." तिने बादली झटकली. "आज नेते. लागली तर घरात असावी."

"तू हो म्हणालीस असं लिहू का?"

"बादली नेली, एवढंच लिही."

तेवढेच लिहिते. वरची कलमे चार आणि पाच मी स्वतःच्या हाताने खोडली आहेत. पाद्री आणि कोलिवा यांबद्दलचे वाक्य ठेवायचे आहे, ते असे: पाद्री बोलवावा, अक्रोड जास्त घालावेत. पाण्याबद्दल या मृत्युपत्रात काहीही म्हटलेले नाही. समीक्षकाचे खडूही कलमाबरोबर गेले. तेही बरेच झाले.

तिबेरियूला खोडाखोड आवडली नाही. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, तरी एवढ्या रेघा मारल्यावर कोणीतरी असावे असे त्याचे म्हणणे पडले. पण तो आणि दोम्निका दोघांनाही यातून काही मिळते, आणि मिळणाऱ्याची साक्ष कोणी धरत नाही.

"पाण्याला जे साक्षी असतात ते चालतील," दोम्निका म्हणाली.

तिबेरियूने घड्याळ बघितले. "सूर्य आहे. चंद्र पाचच्या सुमाराला उगवेल. आज कुंभेत आहे, म्हणजे..."

"कुठेही असू दे. दिसला म्हणजे झालं."

म्हणून आम्ही तिघांनी अंगणातल्या बाकावर बसून खिमा खाल्ला आणि वाट पाहिली. जमिनीवर खडू नव्हता. माझ्या मनात आले की हा प्रयोग झाला असता. मग आले की नको. दोन्ही खरे आहे, म्हणून दोन्ही लिहिले. भीती गेलेली नाही. छातीतला जास्तीचा ठोका आत्ताही ऐकू येतो आहे, आणि मंगळवारबद्दल मला काहीही माहीत नाही.

चंद्र प्लमच्या झाडांमागून फिकट असा वर आला. दोम्निकाने तो बघितला, बादली उचलली आणि फाटकातून ओढ्याकडे निघून गेली. मागे वळली नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

हे सर्व मी वाचून पाहिले असून मला मान्य आहे.

ठिकाण: वालेया रेचे, आईच्या घराचे अंगण
दिनांक: रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

सही: ओतिलिया पर्वुलेस्कू

साक्षीदार:
१. सूर्य, टेकडीवर, अजून मावळलेला नाही.
२. चंद्र, बागेच्या बाजूला.
या मृत्युपत्राने दोघांपैकी कोणालाही काही मिळत नाही.