डिसेंबरचा चेहरा

७ मार्च १८८१

ऑक्टोबरची टाइल भट्टीतून निघाली. कमरेवर सफरचंदांची टोपली, वाऱ्यानं केसांची बट तोंडात गेलेली—आणि ती काढायला हात मोकळा नाही! वीतभर टाइलवर एवढं सगळं. मी अकरा वर्षं कडेची पानंच रंगवतेय, पण मिस्टर लीस चेहरा काढायला बसले की श्वास घ्यायचं विसरते.

बारा महिन्यांच्या बारा बायका, मुलांच्या नव्या इस्पितळाच्या भिंतीसाठी. दोन राहिल्या. एवढा मोठा चितारी, आणि आमच्या हॅन्ली गावाच्या वेशीबाहेर त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. लोकांचंच नशीब फुटकं, दुसरं काय.

११ मार्च

जेवणाच्या सुट्टीत शाल विसरले म्हणून परत वर रंगकामाच्या खोलीत गेले. मिस्टर लीस एकटेच. उजवं मनगट हाताखालच्या लाकडी टेकूवर डाव्या हातानं दाबून धरलेलं, तरी कुंचला थरथरतोय. मी पाहिलं, ते त्यांना कळलं. "टेकूवर ठेवला तरी ऐकत नाही गं," एवढंच म्हणाले.

मुकादमाला कळलं तर त्यांना बाहेरची वाट. मी मेले तरी बोलणार नाही.

१२ मार्च

माझ्या शेजारी बसणाऱ्या डॉर्कसला शिंक आली म्हणून तिनं क्षणभर मनगट रंगाच्या डब्यावर टेकवलं. मुकादम क्लूज टपलेलेच. "टेकू पुरुषांचा! बायकांनी हात अधांतरी धरून रंगवायचं. जमत नसेल तर घरी जाऊन भांडी घासा." पुरुष हसले. नियम त्यांचाच. हाताखाली लाकडाची पट्टी आली तर बायका उद्या चेहरेही काढतील, ही खरी भीती.

१९ मार्च

नोव्हेंबर झाली. तिचे डोळे मिटलेले आहेत. सगळे वाखाणतात. का मिटलेले ते मला ठाऊक.

२४ मार्च

आज सुट्टीत मिस्टर लीसनी जवळ बोलावलं. "थर्झा, डिसेंबरचा चेहरा तू काढ."

मी म्हटलं, मला फक्त पानं येतात.

"अकरा वर्षं अधांतरी हातानं काढलीस ना पानं? आमच्यातल्या एकाचा टेकू काढून घे, लगेच आडवा होईल. तुझा हात मी रोज बघतोय, पोरी."

रोज बघतात! माझा हात! पकडले गेलो तर दोघांची नोकरी जाईल, आणि आईचं औषध माझ्याच पगारावर. तरी हो म्हटलं. कशी म्हणाले देव जाणे.

२९ मार्च

चार दिवस, चार सुट्ट्या. जेवणाचे ओटकेक पिशवीतच वाळले.

बर्फातून आत्ताच आत आलेली बाई काढली, थेट समोर बघणारी. इस्पितळातलं पोर आईचीच वाट बघत असणार. डोळे काढताना हात एकदाही हलला नाही. मिस्टर लीस मागे उभे होते. त्यांनी नाक शिंकरलं. टाइल कोटात गुंडाळून स्वतःच भट्टीवर घेऊन गेले. मला हात लावू दिला नाही.

४ एप्रिल

भट्टी उघडली. क्लूजनी डिसेंबर हातात घेतली आणि डोक्यावरची टोपी काढली. "बघा गं पोरींनो. टेकूवरचा हात म्हणतात तो हा. बाईमाणसाला सात जन्मांत जमायचं नाही."

मिस्टर लीस खिडकीबाहेर बघत होते. मी डिसेंबरकडे बघितलं. मीच काढलेली. ही माझ्यात कुठे होती इतकी वर्षं?

५ एप्रिल

आज टाइल पेटीत भरायच्या होत्या. क्लूज एकेक उलटी करून पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचत होते. ऑक्टोबर, ए. लीस. नोव्हेंबर, ए. लीस. डिसेंबर— मग अंगठा थुंकीनं ओला करून घासायला लागले. वाकडी, थरथरलेली अक्षरं, मिस्टर लीसच्याच हातची: थर्झा मिलवर्ड.

भट्टीतून निघालेलं पुसत नाही.