गोपीच्या दोन घंटा

शनिवार, ३ नोव्हेंबर १९७३

पुन्हा भूपच! चार दिवस भाजी चिरताना, मुलींच्या वेण्या घालताना, आठवीच्या वह्या तपासताना जुळवलेली चाल आज सरावाला नेली. खुशीत होते. कृष्णकांतने पेटीवर एकदा वाजवून पाहिली आणि हसायलाच लागला. "बाई, जूनपासून पाहून राहिलो, तुम्ही भूपच बनवून राहिल्या. म अन् नी काय जरीपटक्याच्या बाजारात हरवले?"

मीही हसले. तो जूनमध्ये आला, त्याला काय माहीत! हातघंटा आठ, सा ते वरचा सा. वाजवणारी माणसं चार, प्रत्येकाच्या हातात दोन. म आणि नी माझ्या नणंदेच्या, गोपीच्या. ती गेली आणि उरल्या सहा. त्या सहांत भूप नाही तर काय दरबारी होणार?

कृष्णकांत हसला तेव्हा घंटा वाजवणारे बाकीचे तिघे खाली बघत होते. आनंदराव आणि सिंधूताई अजून मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभे राहतात. मी कधी तसं सांगितलेलं नाही. रुपराव तर चुकून त्या जागेत पाऊलही टाकत नाहीत.

बुधवार, ७ नोव्हेंबर

दोघी मुली गोवराने लालेलाल. शाळेत अर्धी रजा टाकली. चर्चच्या मंडळीच्या मासिकाचा लेख तसाच पडलाय. हे म्हणतात, "घंटा, लेख, शाळा — घरात कधी असतेस गं तू?" घरात असते तेव्हा दिसत नाही वाटतं!

रविवार, ११ नोव्हेंबर

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी गाठलंच. नाताळाला आठही घंटा वाजल्या पाहिजेत. "मिशनच्या मडमबाईंनी मंडळीला आठ दिल्या होत्या, सहा नव्हे." गोपीच्या दोन आनंदरावांच्या पार्वतीबाईंना द्या म्हणाले. हो म्हटलं. जिभेला हाड नसतं ते असं.

घरी येऊन घंटांची पेटी उघडली. विलायतेला परत जाताना मडमबाईंनी ती माझ्या स्वाधीन केली तेव्हा एकच नियम सांगितला होता — पितळेला उघडा हात लावायचा नाही. घाम लागला की डाग पडतो, आणि तो काळा होत जातो. म्हणून तर मी सगळ्यांना मांजरपाटाचे हातमोजे शिवून दिले. दर महिन्याला सहा घंटा मऊ फडक्याने पुसते. गोपीच्या दोन वेगळ्या कापडात असतात. त्या पुसत नाही.

म वर एक अंगठा आहे आणि दोन बोटं. वर्षभरात चांगली काळी झालीत. उजेडात धरलं तर अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसतात. एवढंच उरलंय तिचं. फोटोतली गोपी कुणीही असू शकते, हा अंगठा तिचाच.

त्या दिवशी तिने मोजे का काढले होते ते वहीतही लिहिणार नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आईंनी आज पुन्हा विचारलं. मी पोळ्या लाटत होते, त्या तांदूळ निवडत होत्या.

"शामले, त्या शनिवारी ताप नव्हता न वं गोपीले?"

"नव्हता, आई."

"मंग माह्याच न्हाऊ घालण्यानं झालं."

आणि पुन्हा तांदळात बोटं. वर्षभरात कितव्यांदा? माझी सासू, पण आधी गोपीची आई. रविवारी मौद्याचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. आईंनी पहाटे रांजणातल्या गार पाण्याने तिला न्हाऊ घातलं. संध्याकाळी हुडहुडी. गुरुवारी गेली. मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. गार पाण्याने मेंदूज्वर होत नाही, असंही म्हणाले. पण आईंच्या डोक्यातून ते पाणी जात नाही.

पोळी करपली.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

लिहून टाकते. मधली सुट्टी आहे, शिक्षकांच्या खोलीत कुणी नाही.

त्या शनिवारी होता ताप. सरावात सगळे चहाला बाहेर गेले तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, अंग तापून राहिलं माह्यं. जाऊ का घरी?" मी म्हटलं, "तू गेलीस तर चाल लंगडी होते गं. अर्धा तास." कपाळाला हातसुद्धा लावला नाही मी! अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मध्येच तिने मोजे काढले, म्हणाली हात भाजताहेत. आणि मी ओरडले — पितळेला उघडा हात! अक्कल कुठे गेली? माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हेच. सरावावरून तशीच शाळेच्या शिबिराला गेले, परत आले तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती.

शनिवारीच दवाखान्यात नेलं असतं तर? आईंनी पहिल्यांदा विचारलं ते मातीच्या दिवशी, लोकांनी भरलेल्या घरात. मी 'नव्हता' म्हणून गेले. आता खरं सांगितलं तर घर मोडतं. नाही सांगितलं तर म्हातारी माझं ओझं वाहत वाहत मरेल. रोज ठरवते, आज सांगेन. रोज स्वयंपाक होतो, मुली झोपतात, आणि सांगणं राहतं.

शनिवार, २४ नोव्हेंबर

नाताळाची चाल होत नाही. ग पर्यंत जाते आणि पेन्सिल म ओलांडून प वर उडी मारते. हात धरून लिहायला बसवला, तरी उडी!

आणि कानात मात्र सगळीकडे तेच दोन. शाळेची घंटा म. कुकरची शिट्टी नी. दुपारी घरात एकटी असले की पलंगाखालच्या पेटीतून म येतो. दोनदा वाकून पाहिलं. कडी लागलेली. आम्ही ख्रिस्ती माणसं, भुताखेतांवर विश्वास ठेवू नये. तिसऱ्यांदा वाकलेच.

शुक्रवार, ७ डिसेंबर

वर्ष झालं. सगळे कबरस्तानात गेलो. शेवंती वाहिली. हे रडले. आई नाही.

प्रार्थना संपल्यावर आईंनी माझा हात धरला. "नव्हता न वं ताप?"

तिथे! तिच्या डोक्याशी उभं राहून मी म्हटलं, "नव्हता, आई."

शनिवार, ८ डिसेंबर

आज अक्षर कसंही येईल.

शाळा सकाळची होती. घरी आले तर अंगणात उन्हात आठ घंटा ओळीने मांडलेल्या. आई पाटावर, पुढ्यात चिंचेचा कोळ आणि राख. नाताळाला घरचा गडू, परात, समई घासतात तशा सगळ्या घासून काढलेल्या. कौतुकाने म्हणाल्या, "त्या दोन तं पार काळ्या पडून गेल्या होत्या. आता पाह्य कशा चमकून राहिल्या!"

म उचलली. फिरवून फिरवून पाहिली. काही नव्हतं. माझंच तोंड दिसत होतं तिच्यात.

मी ओरडले. सासूवर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. "ती तिची बोटं होती, आई! तापाने हात भाजत होते तिचे, म्हणून मोजे काढले होते त्या शनिवारी! मीच तिला —"

मग ऐकू आलं मी काय बोलले ते.

आईंचे हात कोळात तसेच राहिले. उठल्या, हात धुतले, आणि एकेक घंटा पदरात धरून पेटीत ठेवली. उघडा हात एकीलाही लागू दिला नाही.

रविवार, ९ डिसेंबर

आई उपासनेला आल्या नाहीत. हे विचारतात काय झालं. काही नाही म्हटलं. सवयच लागलीय 'नाही' म्हणायची.

मंगळवार, ११ डिसेंबर

अजून अबोला. ताट वाढलं की जेवतात, माझ्याकडे बघत नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं.

चाल झाली. बसच्या रांगेत, तिकिटाच्या पाठीवर. म चारदा आलाय, नी दोनदा. मी आणला नाही.

बुधवार, १२ डिसेंबर

आज तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोलल्या —

"मले ठाऊक होतं. शनिवारी सांजेलेच गोपीनं सांगितलं, आई, अंग पाह्य म्हणे. पाह्यलं मी. चटका बसत होता. तरी न्हाऊ घातलं. पाहुण्याइले केस चांगले दिसावे म्हणून."

मी त्यांच्या पुढ्यात बसले. "मग वर्षभर मला काहून विचारत होत्या, आई?"

"तू एकदा 'होता' म्हणशीन, तं मलेही म्हणता येईन."