राग बोरी, वेग पंचेचाळीस

॥ श्री ॥

पुणे,
२० जानेवारी १९७३

ती. शिवकांता अक्कास मल्लिनाथचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

दाजींना सोसायटीत नोकरी लागल्याचं वाचून बरं वाटलं. दुष्काळात धान्याजवळ बसायची नोकरी मिळवणं रागदारी शिकण्यापेक्षा शहाणपणाचं, असं अप्पा म्हणाले असतीलच. अप्पा म्हणतात ते बहुतेक बरोबरच असतं, म्हणून तर त्यांच्याशी बोलणं अवघड.

माझी बातमी अशी, की माझी पहिली मोठी तबकडी निघाली. तिच्यात मी बांधलेला नवा राग आहे. नाव 'बोरी', आपल्या नदीवरून. बंदिशीत शब्द एवढेच, 'बा मगा, बा'. आठवतं ना? दिवेलागणीला अव्वा उंबऱ्यावर उभी राहून मला जेवायला बोलवायची, ये लेकरा, ये, ती कानडी हाक. तीच मी विलंबितात मांडली आहे. गेल्या रविवारी इथल्या एका सभागृहात हा राग पहिल्यांदा लोकांपुढं गायलो. खुर्च्या पुष्कळ आल्या होत्या, माणसं बेताची. एका समीक्षकानं लिहिलं, की 'मगा' म्हणजे मोक्षाचा मार्ग असावा आणि तो फारच लांबचा वाटला. दुसऱ्यानं लिहिलं, की राग नवा आहे, झोप जुनीच.

तेव्हा आता माझी सगळी भिस्त अप्पांवर. हसू नकोस. माझं गाणं जन्मात ऐकणार नाही अशी शपथ त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून घेतली, त्याला आठ वर्षं होतील. अव्वा गेल्यापासून ते धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, असं तूच लिहिलंस. त्यांनी मला एकदा तरी ऐकावं, एवढंच मला हवं आहे. तबकडी टपालानं पाठवतो. नाव सांगितलंस तर उठून जातील. आधी ऐकव, मग सांग.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ तेवढा या साली पावसासारखा आटू देऊ नकोस.

तुझा,
मल्लिनाथ


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
१२ मार्च १९७३

चि. मल्लिनाथ यास शिवकांताचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तबकडी सुखरूप पोचली. पोस्टमननं ती थाळी समजून घरात कुणाचं लग्न काढलंय म्हणून विचारलं. आमची बोरी कोरडी ठणठणीत आहे, किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यावरून थेंब पडत नाही, म्हटलं निदान पुण्याची बोरी तरी वाहताना बघू.

गावात वाजवायचं यंत्र एकच, शांतलिंग स्पीकरवाल्याचं. लग्न असो, मयत असो, कर्णा त्याचाच. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या नव्या धान्य दुकानाचं उद्घाटन झालं. धान्य अजून यायचं आहे, पण चेअरमन नानासाहेबांचा फेटा बांधून झाला होता, मग थांबणार कसं? भाषणाआधी वेळ काढायला म्हणून शांतलिंगनं तुझी तबकडी लावली. नाव तिच्यावर इंग्रजीत आहे, ते इथं कोण वाचतंय! अप्पांचं अडत दुकान समोरच. ते ओट्यावर बसले होते.

मल्लू, काय सांगू तुला. कर्ण्यातून अव्वा बोलली. 'बा मगा, बा.' तोच आवाज, तसंच शेवटी वर उचलणं. मी तोंडात पदर धरला. म्हातारी चन्नम्मा रांगेतूनच ओरडली, की अगं बया, ही तर आमची नागम्मा! अप्पा ताडकन उभे राहिले. नानासाहेबांना वाटलं आपल्यासाठीच उठले, त्यांनी तिथूनच हात जोडले.

संध्याकाळी अप्पा माझ्या घरी आले. अव्वा गेल्यापासून पहिल्यांदा. मला विचारलं, की तुझ्या अव्वाचा आवाज कुणी कधी भरून घेतला होता. मला तुझं नाव सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. पण त्यांनी बसून भाकरी मागितली, वर आणखी एक मागितली, आणि मी नाव गिळून तिसरी थापायला घेतली. आता रोज संध्याकाळी ते शांतलिंगला तबकडी लावायला सांगतात आणि मग माझ्याकडं जेवायला येतात. दिवसा ती कर्ण्यासकट तलावाच्या दुष्काळी कामावर असते. खडी फोडणाऱ्या बाया म्हणतात, की ही बाई लई गोड गाती.

मला एकच कळत नाही. बाईच्या आवाजात गायला तू कधी शिकलास?

वेळेवर जेवत जा. माया भरपूर आहे, तिला अजून रेशन लागलेलं नाही.

तुझी,
शिवकांता अक्का


॥ श्री ॥

पुणे,
१८ मार्च १९७३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मी बाईच्या आवाजात गायला शिकलो नाही आणि शिकणारही नाही. शांतलिंगच्या यंत्राला वेगाची एक दांडी असते. सिनेमाच्या लहान तबकड्या पंचेचाळीसवर लावतात, माझी मोठी तबकडी तेहतीसवर लावायची असते. त्यानं दांडी पंचेचाळीसवरच ठेवली आहे, म्हणून माझा आवाज चढतो आणि विलंबित पळत सुटतं. एवढी वर्षं मी संथपणा कमावला, तो त्या भल्या गृहस्थानं एका उद्घाटनात उधळून टाकला.

वर नानासाहेबांचं पत्र आलं आहे. दाजींनी त्यांना सांगितलं म्हणे, की माझा मेहुणा या गाणाऱ्या बाईंना ओळखतो. पाडव्याला बाईंनी सोसायटीच्या मांडवात गावं, त्यांच्या उतरण्याची सोय चेअरमनांच्या माजघरात बायकांत केली आहे! दाजींना माझा नमस्कार सांग, जरा कडक सांग.

अक्का, पुण्यात मला कुणी ऐकत नाही. नळदुर्गात सगळा गाव ऐकतो, पण मला नाही. अप्पांनी ऐकलं म्हणून हसू, की दुसऱ्याच कुणाला ऐकलं म्हणून रडू? तू दांडी तेहतीसवर आणायला लाव. पाडव्याला मी स्वतः येतो आणि खरं काय ते सांगतो. मग अप्पा उठून गेले तरी चालतील.

रागावून लिहिलं आहे. लोभात धरून वाच.

मल्लिनाथ


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
२७ मार्च १९७३

चि. मल्लिनाथ यास अनेक आशीर्वाद, विशेष.

तू सांगितल्याप्रमाणं केलं. शांतलिंग ऐकेना, तेव्हा मीच सोसायटीच्या ओट्यावर चढून दांडी फिरवली. मग जे झालं ते लिहिते, मन घट्ट करून वाच. कामावरून परतणाऱ्या बाया ओरडल्या, की बाईला काय झालं, ताप आला का? शांतलिंग म्हणाला, की उन्हानं तबकडी मऊ पडली. नानासाहेब म्हणाले, की वीज कमी आहे, मी वरपर्यंत कळवतो. आणि अप्पा समोरून मोठ्यानं ओरडले, की बंद कर ते, कोण रेकतोय हा!

त्या रात्री ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन दांडी पंचेचाळीसवर केली. आता शांतलिंगनं ती तारेनं बांधून टाकली आहे.

मल्लू, तू ये. तुझं घर आहे. पण आलास की खरं सांगावं लागेल, आणि अप्पांची नागम्मा दुसऱ्यांदा जाईल. सख्ख्या भावाला असं लिहायची वेळ आली. मेहनत तुझी आहे, तू म्हणशील ते मी करीन.

रागव, पण टाकू नकोस.

अक्का


॥ श्री ॥

पुणे,
१ एप्रिल १९७३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल एका मित्राकडं गेलो. त्याच्या घरात कुणी नव्हतं तेव्हा माझी तबकडी लावली आणि दांडी पंचेचाळीसवर केली. पहिल्या हाकेलाच मी खाली बसलो आणि पोरासारखा रडलो. अव्वाची हाक मी किती वर्षं शोधत होतो. ती माझ्याच तबकडीत होती, फक्त माझ्या वेगात नव्हती.

पाडव्याला येत नाही. बाईंचा घसा बसल्याचं नानासाहेबांना कळवलं आहे. दांडी राहू दे, तारही राहू दे, नाव सांगू नकोस. अप्पांनी मला ऐकावं ही हौस मी सोडली. त्यांनी भाकरी खावी.

तुला कसा टाकीन? टाकायला माझ्याजवळ आणखी आहे कोण?

मल्लिनाथ


॥ श्री ॥

नळदुर्ग,
२० एप्रिल १९७३

चि. मल्लिनाथ यास शंकरप्पाचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, शिवकांता पाडव्यापासून सारखी डोळे पुसते आणि कांद्यावर ढकलते. यंदा कांदा आहे कुठं? दटावलं तेव्हा तिनं तुझी पत्रं पुढं टाकली. वाचली. तुम्ही भावंडं बापाला खुळा समजता, एवढा बोध झाला.

तुझी अव्वा उंबऱ्यावरून हाक मारायची तेव्हा तिच्यामागं तबला वाजत नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आणि खालच्या सुराला उतरण्याआधी नाक ओढून दम घ्यायची खोड आपल्या घरात एकालाच होती. त्यावरून तू लहानपणी माझ्या हातचा मारही खाल्ला आहेस.

पण मी शपथ घेऊन बसलेला. शपथ मोडली की बाजारात पत जाते आणि वर देवही दारात उभं करत नाही. तुझं ऐकणार नाही असं मी म्हटलं होतं. बायकोचं ऐकणार नाही असं कधी म्हटलं नव्हतं. लोक नागम्मा म्हणाले, मीही नागम्मा म्हटलं आणि ऐकत बसलो. शिवकांतानं नाव सांगू नये म्हणून तिला मुद्दाम तसं विचारलं. तिनं दांडी फिरवली तेव्हा मात्र पंचाईत झाली. आवाज उघड तुझा झाला, आणि चार लोकांत बसून तो ऐकणं आलं. म्हणून ओरडलो, आणि दांडी परत फिरेपर्यंत शिवकांताकडं जेवायलाही गेलो नाही. रेकतो म्हटलं ते मनाला लावून घेऊ नये. जेवढं कानावर पडलं त्यावरून सांगतो, संथ बरं गातोस.

शपथेचं मठातल्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, की पोरगं घरी येऊन गायलं तर ते गाणं नव्हे, घरचं बोलणं. मला पटलं. न पटून कुणाला सांगतो?

तबकडी आता झिजली आहे. रोज लावून तिला खाच पडली. 'बा मगा, बा' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणते, पुढं सरकत नाही. काल शांतलिंग म्हणाला, की सुई अडकली, उचलू का? मी म्हटलं, राहू दे. हा पोरगा पहिल्या हाकेला कधी आला होता?

शंकरप्पा