सात उमेदवारांना एकच आशीर्वाद

१० नोव्हेंबर
अत्यंत खेदपूर्वक नोंद करतो, की लोकशाहीने माझे जोडे नेले. माझी बायको बुरुल गावपरिषदेच्या निवडणुकीला उभी आहे. आमच्या घरी तिच्या बैठकीला तीस बायका आल्या, आणि निघताना घोटाळा झाला. माझ्यासाठी उरलेले रबरी जोडे दोन्ही डाव्या पायाचे! सबंध न्यायशास्त्रात यावर उपाय नाही. बायको म्हणते, "तिरका चाल की! बातमीदारच आहेस ना."

१२ नोव्हेंबर
जागा एक, उमेदवार सात. बुरुलचा प्रश्नही एकच — नदीतली वाळू रोज ट्रक भरभरून जाते, ती कुणाच्या परवानगीने? काय टाळ्या पडल्या!

१४ नोव्हेंबर
आज तुर्दाकुन अक्सकालांकडे गेलो. अक्सकाल म्हणजे गावचे मानाचे म्हातारे. गावात त्यांच्याहून वडील कुणी नाही. बुरुलने मान लववली, त्यांच्यासह तिथे बसलेल्या अकरा म्हाताऱ्यांनी तळवे उघडले, लांबलचक आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवले — ओमिन! झालं, जिंकलोच! बोर्सोकचे तळलेले गोळे खात खात घरी आलो.

१५ नोव्हेंबर
अनर्थ! दारी आलेल्याला आशीर्वाद नाकारायचा नसतो. म्हाताऱ्यांनी तो सातही जणांना दिलाय!

१७ नोव्हेंबर, रविवार
बायकोच्या या देशाचा पासपोर्ट मिळाल्यापासूनचं माझं पहिलंच मत. नवा कोट घातला!
शाळेच्या दारात अकरा म्हातारे, केसाळ टोप्या घालून, अडून बसलेले. तुर्दाकुन आजोबा हताश. "एकाला मत दिलं, की उरलेल्या सहांना दिलेला आशीर्वाद खोटा!"
"मग देऊच नका, आजोबा."
"वा रे जावईबापू! मत न देता घरी गेलो, तर म्हातारी जेवायला वाढेल?"
शेवटी त्यांनाच सुचलं. मतपत्रिकेत सगळ्यांत खाली चौकोन असतो — 'सर्वांविरुद्ध'. सगळ्यांना सारखाच नकार, म्हणजे अपमान कुणाचाच नाही! अकराही जण आत गेले आणि तिथेच खूण करून छाती काढून बाहेर आले. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

१८ नोव्हेंबर
जिंकली! चार मतांनी! अंगणात बायका नाचताहेत, कढई चुलीवर चढलीय, तीन जणींनी माझ्या गालाचे मुके घेतले. 'सर्वांविरुद्ध' बारा मतं निघाली. तुर्दाकुन आजोबा शपथेवर सांगतात, "आम्ही अकराच!" आता गावभर एकच चर्चा — बारावा शहाणा कोण?

१९ नोव्हेंबर
बारावा मी.
परिषदेत या जागेवरच्या आधीच्या सदस्याने वाळूबद्दल विचारलं होतं. महिन्याच्या आत त्याला पुलावर गाठून मारलं. अजून त्याला बायको भरवते. बुरुल येत्या सोमवारी परिषदेत तोच प्रश्न विचारणार. आत्ता आरशासमोर पाठ करतेय.
ती हरावी, असं मला वाटत होतं. मला फार भीती वाटते.