चाळणीवर राहिलेले खडे

मंगळवार, संध्याकाळ

आज मी खोटं बोलले. पारशिवनीकडचे देवरावजी आमच्या माती तपासायच्या लॅबमध्ये आले होते, संत्र्याची वाळकी डहाळी पिशवीत घेऊन. "मॅडम, तुमी सांगतलं तसं दर आठ दिवसांनी पानी देल्लं. मंग झाडं काहून सुकून राह्यले?"

मी म्हटलं, यंदा ऊनच फार आहे.

ऊन म्हणे! त्यांच्या मातीचा नमुना मीच तपासला होता. नेहमीसारखी माती चाळली, वर राहिलेले खडे बाजूला टाकले, खाली पडलेल्या बारीक मातीत किती पाणी राहतं ते मोजलं, आणि त्यावरून दर आठ दिवसांनी पाणी द्या असं कागदावर लिहून दिलं. नमुन्याच्या पिशवीत जवळजवळ निम्मे खडेच होते. खडे कुठलं पाणी धरतात? म्हणजे त्या वावरात माझ्या आकड्याच्या निम्मंच पाणी टिकणार. तेवढं वजा करायला हवं होतं. विसरले, की कंटाळा केला? रोज इतके नमुने चाळायचे, खड्यांकडे कोण बघतं...

नमुना देताना ते म्हणालेही होते, "गोटे लय आहेत, मॅडम." मी नुसती हसले होते.

आणि आज उन्हाचं ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाले, "असंन. तुमाले जास्त समजते."

घरी येऊन मोगऱ्याला पाणी घातलं. त्या कुंडीच्या तळाशी देवरावजींचेच खडे आहेत. मीच आणले होते लॅबमधून, पाणी झटकन निथळून जावं म्हणून.