ब्रेकच्या रबराले तेल

आई,

बाबाची फटफटी घेऊन तेल्हाऱ्याले चाललो. बियाण्याच्या पैशासाठी इकाची हाये, म्हनून सकाळी शाकीब मिस्त्रीले तिची तडकलेली रबरं बदलाले बलावलं. सारी फुगून गिलगिली झालेली. तो म्हने, रबराले सरकीचं तेल कोन लावते? मी म्हनलो, आमची आई. टाचेच्या भेगायले लावते, तसंच दर बाजाराच्या दिवशी गाडीच्या भेगायलेही लावते, बाबा होते तवापासून.

त्यानं ब्रेकच्या दांडीवरचं रबर काढून माह्या हातात देलं. ते हातातून सटकलं. बाबा गेले त्या दिवशी हिवरखेडच्या वळनावर त्यायचा पाय ब्रेकवरून काहून सटकला असंन, ते मले तवा समजलं.

दोन वर्सं झाली, तू साऱ्या गावाले सांगून राहिली का ते पिऊन होते. त्यायचा फोटोही पेटीत कोंबला. ते पेले नव्हते, आई. तू तेल लावलं होतं.

मले याले उशीर होईन, जेवाले थांबू नको. ते रबर तुह्या ताटात झाकून ठेवलं हाये. फोटो चुलीसमोरच्या भिंतीले टांगला. भाकर थापताना तोंड फिरवू नको.

संघपाल